ते सहा चौकोन काढून टाका

वाचकाचं पत्र: माझी आई ७० वर्षांची आहे. मोबाइल ती सराईतपणे वापरते. तिला आपल्या आठवणी लिहून काढायच्या आहेत आणि जुने फोटो नीट लावून ठेवायचे आहेत, म्हणून मी माझा डेस्कटॉप संगणक तिला दिला (विंडोज ११, लिहायला वर्ड). तिला अवघड जाऊ नये म्हणून ज्येष्ठांसाठी मिळणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. त्यात पडदाभर सहा मोठे चौकोन दिसतात: लिहा, फोटो, मेल, इंटरनेट, व्हिडिओ कॉल, बंद करा. बाकी सगळं लपवलं. पहिले आठ-दहा दिवस ती उत्साहात होती. मग एक दिवस तिची लिहिलेली तीन पानं 'गेली', आणि तेव्हापासून ती संगणकाला हात लावत नाही. 'मी काहीतरी बिघडवून ठेवीन' एवढंच म्हणते. मी दुसऱ्या गावी राहते. हे अजून सोपं कसं करू? भाऊ म्हणतो, सरळ टॅबलेट देऊन टाक. आणि इथे बसून तिचा संगणक मला चालवता येईल का?

उत्तर:

नमस्कार,

पत्र वाचल्यावर आधी त्या तीन पानांचाच विचार मनात आला. सत्तराव्या वर्षी एकेक अक्षर शोधत टाईप केलेली ती पानं आहेत. ती सापडण्याची आशा अजून आहे, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करते.

साठीपुढच्या लोकांना संगणक शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. 'लिहिलेलं गेलं' म्हणून जे माझ्याकडे आले, त्यांच्यापैकी फार थोड्यांचं खरोखर गेलेलं होतं. बहुतेकांची विंडो मिनिमाइझ झालेली असायची किंवा दुसऱ्या विंडोच्या मागे गेलेली असायची. काहींनी फाइल सेव्ह केलेली असायची, पण कोणत्या नावाने आणि कुठे, ते त्यांना ठाऊक नसायचं. आणि काहींच्या हातून नकळत सगळा मजकूर निवडला जायचा, तो निळा-करडा व्हायचा आणि त्याच क्षणी एखादी कळ दाबली जायची. मग तीन पानांच्या जागी एकच अक्षर. पाहणाऱ्याला वाटतं संगणकाने सगळं गिळलं. खरं तर त्या क्षणी कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकत्र दाबल्या असत्या, तर सगळं होतं तसं परत आलं असतं.

तुमच्या आईंच्या बाबतीत माझा पहिला संशय मागे गेलेल्या विंडोवर आहे. कारण तुमच्या त्या सॉफ्टवेअरने टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, लपवलेला आहे. विंडो मिनिमाइझ झाली की ती टास्कबारवर जाऊन बसते, आणि टास्कबारच दिसत नसेल तर ती परत आणायची कुठून? पानं तिथेच होती, फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट तुम्ही, चांगल्या हेतूनेच, बंद केली होती. मग आईंनी 'बंद करा'चा चौकोन दाबला असेल. आता वर्ड उघडा, फाइलमध्ये इन्फो, तिथे मॅनेज डॉक्युमेंट, आणि त्यात 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' बघा. तिथे नसेल तर फाइल एक्स्प्लोररमध्ये वर्डच्या सगळ्या फाइली शोधून तारखेनुसार लावा. तात्पुरत्या प्रती फार दिवस राहत नाहीत. हे पत्र वाचून संपायच्या आधी आईंना फोन केलात तरी चालेल.

आता तुमचा प्रश्न. अजून सोपं कसं करू? माझं उत्तर असं की अजून काहीही कमी करू नका. उलट ते सहा चौकोन काढून टाका आणि साधा डेस्कटॉप परत आणा.

या सॉफ्टवेअरांची अडचण सांगते. 'लिहा' हा चौकोन मोठा आहे, ठळक आहे, झकास आहे. पण तो दाबल्यावर उघडतं काय? तेच वर्ड, तीच वरची बटणांची रांग, तेच सेव्हचे प्रश्न. सोपं झालं ते फक्त दार, घर आतून तसंच राहिलं. आणि घरात हरवल्यावर परत फिरायला लागणाऱ्या खुणा, म्हणजे टास्कबार आणि स्टार्ट बटण, नेमक्या त्याच झाकल्या गेल्या. शिवाय आईंची एखादी मैत्रीण, शेजारी, भाचा मदतीला आला तर तोही त्या पडद्यासमोर अडाणी ठरतो, कारण जगातल्या इतर कुठल्याच संगणकावर ते सहा चौकोन नसतात.

संगणक सोपा करायचा म्हणजे गोष्टी कमी करायच्या, अशी आपली समजूत असते. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात मला जे दिसलं ते वेगळं आहे. नव्या माणसाला तीन गोष्टी लागतात. वस्तू काल होती तिथेच आज सापडली पाहिजे. जे करता येतं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. आणि चुकलं तर मागे फिरता आलं पाहिजे. या तिन्ही असतील तर पडद्यावर चाळीस बटणं असली तरी माणूस हळूहळू त्यात रुळतो. तिन्ही नसतील तर सहा बटणंही भीतीदायक वाटतात, आणि तुमच्या घरी तेच झालं आहे.

यात तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका. मोठमोठ्या कंपन्या याच वाटेने गेल्या आणि परत आल्या. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'बॉब' नावाचं सॉफ्टवेअर आणलं होतं. पडद्यावर घरातली खोली दिसायची, भिंतीवरच्या घड्याळावर क्लिक केलं की वेळेशी संबंधित काम, टेबलावरच्या कागदावर केलं की पत्रलेखन, आणि समजावून सांगायला एक बोलका कुत्रा. नवख्यांसाठीच ते बनवलं होतं. ते फार टिकलं नाही. पुढे ऑफिस २००० मध्ये वेगळी युक्ती केली: मेनू उघडल्यावर तुम्ही नेहमी वापरता त्याच आज्ञा दाखवायच्या, बाकीच्या झाकून ठेवायच्या. ऐकायला उत्तम. पण परिणाम असा की काल मेनूत तिसऱ्या ओळीला असलेली गोष्ट आज पाचव्या ओळीला, आणि महिनाभर न वापरलेली गोष्ट गायबच. ज्याला पाठ होतं त्यालाही शोधावं लागे, मग नवख्याचं काय सांगावं? २००७ च्या ऑफिसमध्ये मुख्य प्रोग्रामांतले ते मेनूच गेले आणि रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली.

२०१२ चं विंडोज ८ तर तुमच्याही आठवणीत असेल. स्टार्ट बटण काढून टाकलं आणि त्याऐवजी पॉइंटर पडद्याच्या कोपऱ्यात नेला की काही तरी उघडायचं. कोपऱ्यात तसं काही आहे याची खूण कुठेच नव्हती. १७ वर्षं, १९९५ पासून, डाव्या खालच्या कोपऱ्यात हात नेणारी माणसं एका रात्रीत नवखी झाली. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये पूर्ण मेनूही. लिनक्सच्या, म्हणजे विंडोजला पर्याय असलेल्या मोफत प्रणालीच्या जगातही २०११ मध्ये ग्नोम नावाच्या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने (ग्नोम ३) सगळी मांडणी बदलली तेव्हा काही मंडळींनी जुन्या ग्नोम २ ची मांडणी जिवंत ठेवायला 'माटे' नावाचा वेगळा डेस्कटॉप सुरू केला. तो आजही वापरात आहे.

तर साधा डेस्कटॉप परत आणा आणि तो आईंच्या डोळ्यांना आणि हातांना बसेल असा करा. यात तुमचा एक शनिवार जाईल. पण तो तिथे जाऊन, आईंना शेजारी बसवून घालवा.

आधी डोळे. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि आत प्रकाश कमी जातो. डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे गडद निळा आणि काळा यांतला फरक पुसट होतो. म्हणून पडद्याची प्रखरता पुरेशी ठेवा आणि डेस्कटॉपवर फोटो लावण्याऐवजी साधा एकरंगी पडदा ठेवा, म्हणजे आयकॉनखालची नावं वाचता येतील. नातवंडांचा फोटो पडद्यावर हवा असं आई म्हणतील, तर तो लॉक स्क्रीनवर लावा.

अक्षरं मोठी करायला अनेक जण रिझोल्यूशन कमी करतात. ते करू नका, सगळं धूसर होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथे 'स्केल' आहे. तो वाढवला की सगळंच, बटणांसकट, मोठं होतं. फक्त अक्षरं वाढवायची असतील तर सेटिंग्जमधल्याच ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टेक्स्ट साइझ' वेगळं आहे आणि ते २२५ टक्क्यांपर्यंत जातं. आधी स्केल १५० करून बघा, मग अक्षरं थोडी वाढवा. किती वाढवायची ते आईंनी ठरवायचं. त्यांना एखादं वाक्य वाचायला सांगा आणि त्या मान पुढे काढतात का, एवढंच बघा.

मानेवरून आठवलं. त्यांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह आहे का? तसा असेल तर जवळचं बघायला त्या काचेच्या खालच्या भागातून बघतात. मॉनिटर उंच असला की मान मागे टाकावी लागते, आणि अर्ध्या तासात ती दुखते. माझ्या एका विद्यार्थिनीने संगणक सोडला तो केवळ मानदुखीमुळे. तिलाही ते कारण कळलं नव्हतं, आणि मलाही उशिराच कळलं. मॉनिटर खाली आणा आणि वरची कड थोडी मागे झुकवा.

पॉइंटर मोठा करा आणि त्याला उठून दिसणारा रंग द्या. ॲक्सेसिबिलिटीमध्येच ते आहे. टेक्स्ट कर्सर, म्हणजे लिहिताना लुकलुकणारी उभी रेघ, तीही जाड करता येते आणि तिच्या वर-खाली रंगीत खूण लावता येते. आपण कुठे लिहितोय हे न कळणं ही लिहिणाऱ्याची मोठी अडचण असते, आणि या खुणेविषयी फार कमी लोकांना माहिती आहे. 'पॉइंटर कुठे गेला?' या रोजच्या प्रश्नासाठी माउसच्या सेटिंगमध्ये एक सोय आहे: कंट्रोल कळ दाबली की पॉइंटरभोवती वर्तुळं उमटतात.

आता हात. डबल-क्लिक म्हणजे काय ते आपण विसरून गेलोय. विंडोजमध्ये मुळात ठरवलेली मुदत अर्ध्या सेकंदाची आहे: तेवढ्यात दोनदा दाबायचं, आणि दोन्ही वेळा पॉइंटर जवळजवळ जागच्या जागी ठेवायचा. थरथरणाऱ्या बोटाला हे जमत नाही. दुसऱ्या क्लिकपर्यंत माउस सरकतो आणि आयकॉन उघडण्याऐवजी ओढला जातो. वेग कमी करता येतो, पण माझा सल्ला असा की डबल-क्लिकच काढून टाका. फाइल एक्स्प्लोररच्या ऑप्शन्समध्ये 'सिंगल-क्लिक टू ओपन' निवडा. यात फायदा फक्त बोटांचा नाही. वेबपानावर एकदा क्लिक, टास्कबारवर एकदा, डेस्कटॉपवर मात्र दोनदा, हा भेद नवख्याला कोणत्याच तर्काने कळत नाही. म्हणून ती माणसं सगळीकडेच दोनदा दाबतात, प्रोग्राम दोन-दोन उघडतात, फॉर्म दोनदा जातात. सगळीकडे एकदाच, हा नियम एकदा झाला की तो प्रश्नच संपतो. ओढण्यासाठी बटण धरून ठेवणं अवघड जात असेल तर माउसच्या जुन्या प्रॉपर्टीजमध्ये 'क्लिकलॉक' आहे: क्षणभर दाबून धरलं की बटण दाबलेलंच राहतं, पुन्हा क्लिक केलं की सुटतं. आणि माउस हाताळायचा सराव हवा असेल तर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळू द्या. १९९० च्या विंडोज ३.० पासून तो आहे, आणि उचलून ओढून सोडायचा इतका चांगला धडा मी तरी दुसरा पाहिला नाही.

उजवं क्लिक सध्या शिकवू नका. त्यातलं जवळजवळ सगळं दुसरीकडे बटणांवर असतंच.

आता दिसण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हल्लीच्या संगणकांवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप याचाच आहे. शब्द काढून चित्रं ठेवायची पद्धत पडली आहे. तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू, दातेरी चाक म्हणजे सेटिंग्ज, चौकोनी तबकडी म्हणजे सेव्ह. ज्यांनी फ्लॉपी कधी हातात घेतली नाही त्यांना ते चित्र कशाचं आहे हे कळायला मार्ग नाही, आणि त्यात तुमच्या आई जशा आल्या तशी पंधरा वर्षांची मुलंही आली. विंडोज ११ २०२१ मध्ये आलं तेव्हा टास्कबारवर उघड्या प्रोग्रामांची नावं दाखवायची सोय काढली होती; लोकांनी धोशा लावला, ती २०२३ मध्ये परत आली. उजव्या क्लिकच्या मेनूत कट, कॉपी, पेस्ट हे शब्द जाऊन चित्रं आली होती. २०२४ च्या आवृत्तीत त्यांच्याखाली पुन्हा नावं आली. शब्द परत येतात, कारण शब्द वाचून कळतो आणि चित्र आधी कुणीतरी सांगावं लागतं. १९८१ मध्ये झेरॉक्सने 'स्टार' हा संगणक काढला, ज्यात फाइल, फोल्डर, टेबल ही आजची सगळी कल्पना पहिल्यांदा बाजारात आली. त्याच्या कीबोर्डवर हलवणे, नक्कल करणे, खोडणे यांसाठी वेगळ्या कळा होत्या आणि प्रत्येक कळेवर तिचं काम शब्दांत लिहिलेलं होतं. मला ते फार आवडतं.

म्हणून टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणं एकत्र करायचं 'नेव्हर' करा, म्हणजे प्रत्येक उघड्या विंडोचं नाव खाली लिहिलेलं दिसेल. आईंची हरवलेली विंडो यापुढे खाली नावानिशी सापडेल. ॲक्सेसिबिलिटीत 'व्हिज्युअल इफेक्ट्स'मध्ये स्क्रोलबार कायम दिसेल असं करा. नाहीतर पान खाली अजून आहे हेच कळत नाही. तिथेच सूचना किती वेळ दिसाव्यात तेही आहे. मुळात ५ सेकंद असतात, त्या ५ मिनिटांपर्यंत वाढवता येतात. कोपऱ्यातून येऊन पाच सेकंदांत गेलेली चिठ्ठी वाचणं सगळ्यांना जमत नाही, आणि न वाचता आलेली चिठ्ठी 'काहीतरी बिघडलं' अशी धास्ती मागे ठेवून जाते.

डेस्कटॉपवर चार-पाचच आयकॉन ठेवा. तुम्ही म्हणाल, मघाशी तर कमी करू नका म्हणालात. फरक असा आहे की बाकीचं लपलेलं नाही. स्टार्ट बटण तिथे आहे, कुतूहल वाटलं की उघडता येतं. आयकॉनांची नावंही बदला. 'वर्ड' ऐवजी 'लिहायला', आणि आईंची आठवणींची फाइल थेट डेस्कटॉपवर, 'माझ्या आठवणी' या नावाने. एक फोल्डर, एकच. ब्राउझरमधून उतरवलेल्या गोष्टीही त्याच फोल्डरमध्ये जातील असं ठरवून टाका. फोल्डरात फोल्डर ही रचना ऑफिसात कपाटं सांभाळलेल्यांना लगेच कळते, इतरांना नाही. ती त्यांना लागेल तेव्हा त्या स्वतः मागतील.

मेनूंची भाषा कोणती ठेवायची ते आईंना विचारा. विंडोज मराठीतही मिळतं. एक अडचण मात्र आधीच लक्षात घ्या: तुमचा संगणक इंग्रजीत आणि त्यांचा मराठीत असेल तर फोनवर तुम्ही सांगाल तो शब्द त्यांना समोर दिसणार नाही. त्यांच्यासाठी मराठी निवडलंत, तर तुम्हीही ते शब्द शिकून घ्या.

वर्डमध्ये दोन गोष्टी आजच बंद करा. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डला गेलात की वरच दिसतील. 'टायपिंग रिप्लेसेस सिलेक्टेड टेक्स्ट' ही खूण काढा, म्हणजे निवडलेल्या मजकुरावर चुकून अक्षर पडलं तरी मजकूर जाणार नाही. आणि मजकूर ओढून हलवायची मुभा देणारी खूणही काढा. तिच्यामुळे अख्खे परिच्छेद भलतीकडे जाऊन बसतात. सेव्हची काळजीच नको असेल तर आठवणींची फाइल वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, ठेवून ऑटोसेव्ह चालू करा. घरी इंटरनेट बेभरवशाचं असेल तर बाहेरची एक हार्ड डिस्क जोडा आणि 'फाइल हिस्ट्री' सुरू करा. ती मुळात दर तासाला प्रत घेते.

एवढं झालं की मग खरं काम. मी माझ्या प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच आठवड्यात एक तास फक्त बिघडवायला देते. आईंबरोबर तुम्हीही तो करा. एक पान मजकूर घ्या, आठवणींचा नव्हे, कुठला तरी. त्यांना म्हणा, सगळं निवड आणि खोडून टाक. त्या बिचकतील. खोडू द्या. पान पांढरं झालं की कंट्रोल झेड. मजकूर परत. पुन्हा खोडा, पुन्हा आणा, दहा वेळा. मग विंडो मिनिमाइझ करा आणि टास्कबारवरच्या नावावर क्लिक करून परत आणा. फाइल रिसायकल बिनमध्ये टाका आणि बाहेर काढा. आयकॉन भलतीकडे ओढा, परत आणा. वर्ड सेव्ह न करता बंद करायला जा, ते काय विचारतंय ते मोठ्याने वाचा आणि 'कॅन्सल' म्हणजे 'काही झालंच नाही' हे समजून घ्या.

या तासानंतर माणसांची बसण्याची पद्धत बदलते. खांदे खाली येतात. निवृत्त हिशेबनीस असलेले एक गृहस्थ दोन महिने माझ्या वर्गात कीबोर्डपासून हात आखडून बसायचे. त्या तासाला त्यांनी एकच परिच्छेद वीस-बावीस वेळा खोडला आणि परत आणला, आणि दुसऱ्या दिवशी नातवाला पाच ओळींचा मेल लिहून आले. 'मी बिघडवीन' या भीतीवर 'नाही गं, काही होत नाही' हे उत्तर पुरत नाही. स्वतःच्या हाताने बिघडवून स्वतःच्याच हाताने दुरुस्त केल्याशिवाय ती जात नाही.

मात्र खरोखर न परतणाऱ्या गोष्टीही असतात, आणि त्या त्यांच्या वाटेतून तुम्ही दूर ठेवायच्या. आईंचं खातं 'स्टँडर्ड' ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको. मग बहुतेक सॉफ्टवेअर बसवायला पासवर्ड लागेल आणि तो तुमच्याकडे असेल. ब्राउझरमध्ये वेबसाइटना सूचना पाठवायची परवानगी सरसकट बंद करा. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशा ज्या चिठ्ठ्या कोपऱ्यातून येतात, त्यांतल्या कितीतरी खरं तर कुठल्याशा वेबसाइटला चुकून दिलेल्या त्या परवानगीतूनच येतात. आणि आईंना एक नियम सांगा: पडद्यावरच्या इशाऱ्यात फोन नंबर दिसला की तो इशारा खोटा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. कितीही मोठा आवाज आला, पडदा लाल झाला, तरी घाबरायचं नाही, अगदीच काही सुचलं नाही तर मॉनिटर बंद करून तुम्हाला फोन करायचा.

भावाच्या टॅबलेटबद्दल थोडक्यात. वाचायला, फोटो बघायला, बोलायला टॅबलेट चांगला. आठवणींचं पुस्तकभर लेखन काचेवर बोटं आपटून करायला तो नको. आणि टॅबलेट सोपा वाटतो तेवढा नसतो. कुठल्या कडेवरून बोट सरकवलं की काय उघडतं हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. आईंना लिहायचं आहे. त्यांच्यासमोर खरा कीबोर्ड आणि मोठा पडदा असू द्या.

आता दुरून चालवण्याबद्दल. विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आहे. तुमच्याकडे एक कोड येतो, तो आईंनी त्यांच्याकडे टाकायचा आणि परवानगी द्यायची, की त्यांचा पडदा तुम्हाला दिसू लागतो. नियंत्रण हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं. माझी विनंती, ते शक्यतो मागू नका. त्यात लेझर पॉइंटर आहे. तुम्ही दाखवा आणि क्लिक त्यांना करू द्या. तुम्ही इकडून झटपट दुरुस्त केलंत तर त्यांच्यासमोर पॉइंटर आपोआप पळताना दिसतो, काय झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी त्या आधीच फोन उचलतात. फसवणारी माणसंही असाच कोड टाकायला सांगतात, म्हणून दोघींत पक्कं ठरवा: फोन आईंनी तुम्हाला केलेला असेल तेव्हाच कोड. समोरून कुणीही मागितला, अगदी तुमचं नाव सांगून मागितला, तरी फोन ठेवून त्यांनी तुमचा नंबर स्वतः लावायचा.

आणि त्यांचा फोन आला की 'आई, काय केलंस?' असं विचारू नका. त्या प्रश्नात आरोप ऐकू येतो आणि बहुतेक वेळा काय झालं ते त्यांना माहीतही नसतं. 'आत्ता सगळ्यात वर काय लिहिलंय ते वाच' असं म्हणा. त्या वाचतील. मग 'खाली पट्टीवर कोणकोणती नावं आहेत?' त्या तीही वाचतील, आणि त्या नावांत 'माझ्या आठवणी' असेल तर तुम्ही काही सांगायच्या आतच त्यांचा हात तिकडे गेलेला असेल.